अप्पांनी वाचलेला मोह

जळकोटच्या बसस्टँडवर अप्पांनी माझ्या सामानात शेवटच्या क्षणी आणखी एक पिशवी कोंबली, तेव्हा माझा संयम सुटला. आधीच दोन बॅगा, गादीची वळकटी आणि आईनं बांधून दिलेले धपाटे होते. पिशवीत बघितलं तर मीठ. दोन किलो खडेमीठ. "अप्पा, किनवटला मीठ मिळत नाही का?" मी चारचौघांत जरा चढ्या आवाजातच विचारलं. अप्पांचं किराणा दुकान. आपल्या दुकानातल्या मिठाशिवाय पोरगी जेवेल कशी, हा त्यांचा खरा प्रश्न होता, पण तो ते विचारतील तर ते अप्पा कसले. म्हणाले, "आसू दे. झाडीत काय भेटतंय, काय न्हाई." गाडी हलली तसे खिडकीबरोबर चार पावलं चालत आले. "दोन वर्षं काढ. मग बदली करून घिऊ लातूरला. कायमचं समजून ऱ्हाऊ नको, नंदे."

मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली होती. आम्ही लातूर जिल्ह्यातले, आणि ऑर्डर आली ती नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाची, किनवट तालुक्यातल्या एका वाडीची. त्याला आता अकरा वर्षं झाली.

हे मी दोन्हीकडच्या माणसांसाठी लिहितेय. जळकोटात मागं राहिलेल्यांसाठी, आणि जे माझ्यासारखे निघून गेले त्यांच्यासाठी. माझ्या वर्गातले कोण पुण्याला आहेत, कोण हैदराबादला, एक तर दुबईला. ते आपल्या आठवणी सांगायला लागले की त्यात विमानतळ असतो, एसी असतो. माझं स्थलांतर एका जिल्ह्यातून शेजारच्या जिल्ह्यात. दुबईवाला मला हसतो. म्हणतो, "तू कसली गं परदेशी, तुझ्या गावाला तर लाल डबा जातो." हसू दे त्याला. पहिले सहा महिने मला रोज रडू यायचं, हे त्याला माहीत नाही.

जळकोटचा माळ उघडा. आमच्या दारात उभं राहिलं की येणारं माणूस पार लांबून दिसायचं, आणि ते येईपर्यंत चहाचं आधण ठेवून व्हायचं. किनवटला आले तर चहूकडून सागवान. माणूस एकदम झाडीतून समोर उभं. वर्गात पोरं गोंडी बोलत, बंजारा बोलत, दोघं-तिघं घरी तेलुगू बोलत, आणि मी मराठीची बाई त्यांच्यापुढे "आमच्याकडं असं म्हणतात, आमच्याकडं तसं करतात" असं करत राहायची. शाळेत खिचडी शिजवायला रुक्माबाई यायच्या. त्यांनी एक दिवस भर दुपारी मला विचारलं, "बाई, तुमचं हे आमच्याकडं कुटं आलं? लांब हाय का लई?" मी ओशाळले. पण सवय काही गेली नाही.

दर रविवारी अप्पांचा फोन यायचा. तब्येत, जेवण, पाऊसपाणी, आणि शेवटी ठरलेलं, "बदलीचं काय झालं?" पहिली काही वर्षं मी आंतरजिल्हा बदलीचा फॉर्म इमानेइतबारे भरला. यादी लागायची, माझं नाव नसायचं, मी जळकोटला कळवायची. मधल्या काळात स्थळं आली आणि गेली. त्याचं मला फारसं दुःख नाही, आणि खोटं सांगत नाही, सुखही नाही. तो विषयच हळूहळू मिटला. आईनं मात्र प्रत्येक स्थळाच्या नावानं एक सुस्कारा सोडून ठेवलाय, तो अजून घरात फिरत असतो.

हायकूशी गाठ पडली ती नांदेडच्या एका ट्रेनिंगमध्ये. शेजारच्या बाकावरच्या सुलभाताई, लोह्याकडच्या एका शाळेतल्या, बाकाखाली हात धरून बोटांची पेरं मोजत होत्या. आम्ही लिंगायत, घरात जपाची सवय. मला वाटलं बाई जप करतायत. मनात म्हटलं, बरंय, कंटाळवाण्या भाषणात पुण्य तरी पदरात. चहाच्या सुट्टीत विचारलं तर म्हणाल्या, "जप कसला हो! पाच, सात, पाच मोजतेय. मधल्या ओळीत एक अक्षर जास्ती होतंय." असं मला कळलं की नांदेडात दहा-बारा माणसांची एक मंडळी आहे, महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसते, आणि तीन ओळींच्या कविता वाचते. जोडाक्षर एकच धरायचं. यमक नको. उपदेश तर मुळीच नको.

मी जायला लागले. किनवटहून सकाळची रेल्वे, संध्याकाळी परत. मंडळींचे म्होरके बासरकर सर. 'सर' हे आम्ही म्हणायचं. नोकरी त्यांची सगळी एसटीत, कंट्रोलर म्हणून. तीस वर्षं स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या त्यांनी. त्यामुळं जास्तीच्या शब्दाचा त्यांना मनापासून तिटकारा. कुणी 'हिरवेगार हिरवे रान' असं काही वाचलं की म्हणायचे, "एकदा पुकारली ना गाडी? कळलं पॅसेंजरला." आणि कोणतीही हायकू ऐकली की त्यांचा एकच प्रश्न: "तुम्ही कुठं उभ्या होता?"

हा प्रश्न मला दीड वर्ष छळत होता. मी वाचायची ते सगळं जळकोटचं. हरभऱ्याचा घाटा, आमच्या गल्लीतलं हातपंपाचं पाणी, आईची चूल. एकदा मोठ्या उमेदीनं वाचली:

करडईत
लपलेली वाट ती
काट्यांची सय

"कुठं उभ्या होता?" सर.

"आठवणीत," मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं.

"आठवणीत बसता येतं बाई, उभं राहता येत नाही. आणि 'सय' म्हणता का तुम्ही घरी?"

मला इतका राग आला की रेल्वेत बसल्या बसल्या मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप लेफ्ट केला. दोन महिने तोंड फुगवून काढले. मग सुलभाताईंना मेसेज टाकला, जरा ॲड करा परत. बासरकर सरांनी फक्त एक हसरा पिवळा चेहरा टाकला. तो बघून पुन्हा राग आला, पण या वेळी थांबले.

चैत्राच्या सुमारास आमच्या वाडीत वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. मोहाचे दिवस. मोह हे आमच्या भागातलं मोठं झाड. त्याची फुलं पहाटे गळतात आणि अख्खं घर टोपल्या घेऊन वेचायला जातं. पोरं आईबापांबरोबर तिकडंच. त्या वर्षी मी ठरवलं, जाऊन एकेकाचा कान धरून आणायचा. उजाडायच्या आधी किनवटच्या खोलीवरून स्कूटीवर वाडीला पोचले. रुक्माबाईंनी मला झाडाखाली बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "बाई, चप्पल काढा. फुलावर पाय देता व्हय?" मी चप्पल काढली. वरून टप टप चाललेलं. गोड, ओलसर, जरासा आंबूस वास. पोरं मला बघून लपायच्या ऐवजी टोपली दाखवायला धावत आली. हळूहळू गळणं थांबलं, फांद्यांवर ना पान ना फूल, आणि त्यांच्यामागं आभाळ उजळायला लागलं. कान धरायचं माझं राहूनच गेलं.

त्या महिन्यात मी वाचली:

गळला मोह
रिकामी फांदी आता
उजळू लागे

"कुठं उभ्या होता?"

"रुक्माबाईंच्या झाडाखाली. अनवाणी."

सरांनी वही उघडली. वहीत उतरवून घेतली. सुलभाताईंनी मला कोपरानं ढोसलं, कारण सरांचं उतरवून घेणं म्हणजे शंभरपैकी शंभर. रेल्वेत मी एकटीच हसत होते. समोरच्या बाईनं पोराला जवळ ओढून घेतलं.

आता इथं एक कबूल करायचंय. त्याच उन्हाळ्यात बदलीचं पोर्टल उघडलं होतं. मी लॉगिन केलं, 'लातूर' निवडलं, आणि मग ते पान बंद केलं. पुढच्या वेळी तर लॉगिनसुद्धा केलं नाही. अप्पांना मात्र दोन्ही वेळा सांगितलं, "यादीत नाव न्हाई आलं." तसं ते खोटं नव्हतं म्हणा. न भरलेल्या फॉर्मचं नाव यादीत येईल कसं? पण फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच शरम वाटायची. सत्तरीचा माणूस दर रविवारी आशेनं विचारतो, आणि मी मराठीची शिक्षिका शब्दांचे खेळ करते.

त्याच्या पुढच्या पाडव्याला मंडळींनी पुस्तिका काढली. पातळशीच, पण देखणी. सरांची त्यातही एक खोड होती: हायकूखाली कवीचं नाव, आणि नावापुढं मूळ गाव नव्हे, तर जिथं उभं राहून पाहिलं ते गाव. माझ्या तीन ओळींखाली छापलं होतं, 'महानंदा, किनवट.' मी एक प्रत हौसेनं पोस्टानं जळकोटला पाठवली. हायकू काय असतं हे अप्पांना मी आधी फोनवर समजावलं होतं, तेव्हा म्हणाले होते, "तीनच वळी? कागद सरला व्हय गं?"

पुस्तिका पोचली, आणि रविवारी फोन आला नाही. मी केला तर आईनं उचलला. "अप्पा मठात गेल्यात." परत केला, तरी मठात. इतकं मठात जाणारे अप्पा नव्हेत. त्यांची सगळी भक्ती सकाळी दुकान उघडताना कपाळाला विभूती लावण्यात उरकायची. मला वाटलं, तब्येत बिघडलीय आणि माझ्यापासून लपवतायत. सुट्टी टाकून जावं का, या विचारात असतानाच बुधवारी दुपारी दारात अप्पा उभे. दहा वर्षांत पहिल्यांदा. दरवेळी बोलवायची तर म्हणायचे, "तू येतीसच की. दुकान कोण बघंल?" आता ते दुकान सोडून, जळकोटहून नांदेड, नांदेडहून रेल्वेनं किनवट असे एकटे आले होते. डोळे खोल गेलेले. आणि रागानं लाल.

"अप्पा, काय झालं?"

"तुझ्या किनवटचा आटोवाला मला दारुडा समजला!"

पाणी दिलं. दोन तांबे प्याले. मग हळूहळू एकेक बाहेर पडायला लागलं. स्टेशनवर उतरून त्यांनी रिक्षावाल्याला आधी मठाचा पत्ता विचारला. तो म्हणाला, कसला मठ? अप्पांनी समजावलं, "बाबा, मोह सुटलेली माणसं ऱ्हातात, तसली जागा." त्या गड्यानं अप्पांच्या कपाळाकडं बघितलं आणि म्हणाला, "मोहाची पाहिजे का? कपाळाला इबूत लावून हे इचारता, बाबा? लाज धरा जरा."

"पण तुम्ही मठ कशाला शोधत होता?"

अप्पांनी पिशवीतून पुस्तिका काढली. माझ्या पानात दुकानातली पावती खूण म्हणून घातलेली. "हे काय लिवलीस तू? मोह गळला म्हणं. समदं रिकामं झालं म्हणं. उजेड दिसायलाय म्हणं. आन् गाव पण किनवट घातलीस, जळकोट न्हाई. म्या धा बार वाचलो. मठात जाऊन महाराजास्नी दाखिवलो. ते म्हणले, भाग्यवान हाव तुमी, लेकीला वैराग्य आलंय. म्या म्हणलो, महाराज, आसलं भाग्य दुसऱ्या कुणाला द्या. माझी पोरगी मला पाहिजे." आणि एवढं बोलून माझ्या अप्पांनी उपरण्याचा पदर डोळ्याला लावला. "दीक्षा घिऊन राहिलीस का गं? तसं आसंल तर सांग. म्या आडवणार न्हाई. पर सांग."

मला हसू आणि रडू असं एकदम आलं की धड कुठलंच होईना. म्हटलं, "अप्पा, मोह झाड हाय."

"झाड?"

"झाडाचं नाव. त्याची फुलं गळत्यात."

अप्पांना पटेना. मोहाची दारू त्यांनी ऐकली होती, पण शिकलेल्या पोरीनं त्या झाडावर कविता करावी आणि ती नांदेडात छापून यावी, हे त्यांच्या हिशोबात बसेना. "झाडाची कविता करतंय व्हय कुणी? मला बनवायलीस तू." मी म्हटलं, सकाळी दाखवते.

पहाटे स्कूटीवर मागं अप्पा. वाटभर खांद्यावर घट्ट पंजा आणि कानात सूचना, "हळू. हळू. पुढं म्हस हाय, म्हस." वाडीला पोचलो तर फुलं पडायला लागलेली. रुक्माबाई म्हणाल्या, "बाबा, चप्पल." अप्पांनी चप्पल काढली, कुणी न सांगता हातही जोडले, आणि झाडाखाली जाऊन उभे राहिले. एक फूल टोपीवर पडलं, एक खांद्यावर. अप्पा वर बघत राहिले. मग दुकानदार जागा झाला. फूल उचललं, चुरडलं, वास घेतला, तोंडात टाकलं. "गोड हाय की गं! वाळवलं तर मनुक्यावानी होईल." आणि खाली बसून चक्क वेचायलाच लागले. रुक्माबाईंनी त्यांच्यापुढं टोपली सरकवली.

मी शेजारी बसले. बराच वेळ आम्ही दोघं वेचत होतो. आता सांगितलं नाही तर पुन्हा कधीच सांगणार नाही, असं मला वाटलं. 

"अप्पा, म्या बदलीचा फॉर्म भरला न्हाई. दोन बार झाले. मला इथंच ऱ्हायचंय."

अप्पांचा हात थांबला नाही. "मग यादीत नाव न्हाई आलं म्हणून कामून सांगितलीस?"

"तुमाला वाईट वाटंल म्हणून."

"वाईट तर वाटायलंच की." त्यांनी दोन-चार फुलं टोपलीत टाकली. "पर धा दिवस म्या समजत हुतो, पोरगी जगच सोडून चालली. किनवटला तर रेल्वे येती."

मी तोंड फिरवलं. रुक्माबाई बघत होत्या, पोरं बघत होती, आणि बाईंनी रडावं हे पोरांपुढं बरं दिसत नाही.

"आईला काय सांगू?" थोड्या वेळानं मी विचारलं.

"तिला ठाव हाय. दोन वर्षांखाली दिवाळीला तू तुझी वाकळ बांधून घिऊन गेलीस, तवाच म्हणली, पोरगी आता तिकडचीच झाली. म्या म्हणलो, गप, बदली होणार हाय." अप्पा हसले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "तीनशे घरांची उधारी ध्यानात ऱ्हाती मला, कोण चहापत्ती कुठली घेतंय ते. घरातलं तेवढं दिसलं न्हाई."

तीन दिवस राहिले. माझ्या खोलीतली गळकी तोटी दुरुस्त केली, त्या रिक्षावाल्याला शोधून काढून खरा प्रकार सांगितला आणि त्याच्याबरोबर चहा पिऊन आले. पोरांना शाळेत पाढे म्हणायला लावले. जाताना शेरभर वाळलेला मोह बांधून नेला. आई सांगते की दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ते एकेक फूल ठेवत होते आणि पुस्तिका उघडून म्हणत होते, "हे बघा, हा मोह. वैराग्य-बिराग्य काही न्हाई." महाराजांनाही नेऊन दिला. महाराज काय म्हणाले, ते मात्र अप्पांनी आजवर सांगितलेलं नाही.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं मंडळींना सांगितलं. हसून हसून सुलभाताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. बासरकर सर मात्र गंभीर. त्यांना ती आपली चूक वाटली. चुकीची गाडी पुकारली गेली आणि पॅसेंजर भलतीकडं गेला. म्हणाले, "पुस्तिका पुन्हा छापायचीय. 'मोहाचे फूल' करू या का? पाचच अक्षरं होतात. म्हणजे कुणाचा घोटाळा नको." सुलभाताईंची बोटं मोजायलाही लागली होती.

"राहू द्या, सर," मी म्हटलं. "नीट वाचता आली असती तर अप्पा आले नसते."

सरांनी जरा विचार केला. मग वहीत काट मारता मारता थांबले आणि म्हणाले, "असू द्या तशीच."

परवा रविवारी अप्पांचा फोन आला. हल्ली ते बदलीचं विचारत नाहीत. या वेळी विचारलं, "मोहाला कळ्या धरल्या का?" मी म्हटलं, धरल्यात, पाडव्यापर्यंत पडायला लागतील. तसे म्हणाले, "आवंदा तुझ्या आईला घिऊन येतो. कुठं ट्रेनिंगला-बिनिंगला जाणार आससील तर सांग."

"कुठं न्हाई, अप्पा. घरीच हाय."

बोलून गेल्यावर ध्यानात आलं. अकरा वर्षं या फोनवर 'घर' म्हणजे जळकोट होतं. 'घरी कधी येतीस', 'घरी आल्यावर बोलू.' अप्पांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण पलीकडं थोडा वेळ नुसता दुकानातला आवाज येत होता. कुणी तरी साखर मागत होतं.

मग घसा खाकरून म्हणाले, "नंदे, आपल्या रेशन कार्डावर तुझं नाव आजून हाय. तिकडचं कार्ड काढायचं तर इथलं कमी करावं लागतंय. अर्ज म्या लिहून ठिवलाय. सही तेवढी ऱ्हायलीय. करू का?"

 हे असंच व्हायला पाहिजे होतं, मीच मागितलं होतं, आणि तरी कुणी तरी हातातून काही काढून घेतंय असं वाटलं. "करा, अप्पा," मी म्हटलं.

कागद उलगडल्याचा आवाज आला. मग परत घडी घातल्याचा.

"आसू दे," अप्पा म्हणाले. "येतोच हाय की. तुझ्या घरी बसून करतो."